रस्त्यावरील माणसाचा नकार

उपकार ज्यावर करावयाचा त्याची संमति आधीं घेतली पाहिजे कीं नाहीं, हा प्रश्न रोजच्या व्यवहारांत फारसा उद्भवत नाहीं. भुकेल्यास आपण जेवावयास बोलावतों. तो न आला तर दोनतीन वेळां आग्रह करतों व मग थांबतों. त्याचा नकार हा त्याचा आहे, एवढें आपण मुकाट्यानें मान्य करतों. परंतु ज्याच्या मनाचा तोल सुटला आहे अशा मनुष्यानें नकार दिला, तर तो नकार कोणाचा समजावयाचा? त्याचा, कीं त्याच्या आजाराचा? आणि तो मनुष्य घरांत नसून रस्त्यावर असला, त्याच्या वतीनें बोलावयास आई, बाप, बायको, भाऊ यांपैकीं कोणी जवळ नसलें, तर त्याच्या 'नको'चा अर्थ लावण्याचा अधिकार कोणास? पोलिसास, डॉक्टरास, न्यायाधीशास, कीं जवळून जाणाऱ्या तुम्हांआम्हांस? हा प्रश्न आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविला. तो आमच्याच वाटेंत येऊन बसला तेव्हां मात्र आम्हांस त्याची ओळख पटली नाहीं.

आम्ही ज्या महाविद्यालयांत शिकवितों त्याच्या फाटकापलीकडे एक पिंपळ आहे. त्याच्या पाराला टेकून सुमारें दोन वर्षें एक मनुष्य राहत असे. वय चाळिशीच्या आंतबाहेर. अंगांत भर उन्हाळ्यांतसुद्धां एकावर एक तीन सदरे; काखेंत जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. तीं वर्तमानपत्रें इंग्रजी असत, व तो तीं मोठ्यानें वाची. उच्चार असे कीं आमच्या वर्गांतील बऱ्याच जणांनीं त्याच्यापाशीं धडे घ्यावे. विद्यार्थी त्यास 'साहेब' म्हणत. मधूनच वाचन थांबवून तो समोर नसलेल्या कोणाशीं तरी भांडे. संध्याकाळीं कोठून तरी देशी दारूची बाटली त्याच्यापाशीं येई, आणि मग वाचन व भांडण दोन्ही बंद पडत. एका डिसेंबरांत थंडी फार पडली म्हणून आम्हीं घरून एक कांबळें नेऊन त्याच्यापुढें ठेविलें. त्यानें त्याची नीट घडी करून तें आम्हांस परत दिलें व म्हटलें, "हें तुमचं आहे. माझं यायचं आहे." हा प्रसंग आम्हीं पुढें स्नेहीमंडळींत अनेकदां सांगितला. मनुष्य सर्वस्वीं नागवला गेला तरी त्याचा ताठ कणा कसा टिकून राहतो, याचें उदाहरण म्हणून सांगितला. आज आठवलें म्हणजे वाटतें, त्याच्या नकाराचा आम्हीं केवढा आदर केला! आणि त्या आदरापायीं आम्हांस एक पैहि खर्चावी लागली नाहीं. उलट कांबळें वांचलें.

मग एके दिवशीं शहरांत कोणी मोठे पाहुणे यावयाचे होते. सकाळीं आम्ही आलों तों पार धुऊन काढलेला, कडेनें चुन्याची रेघ ओढलेली, आणि तो मनुष्य नाहीं. पहाटे गाडी आली व त्यास घेऊन गेली, इतकेंच कळलें. कोणी म्हणे मनोरुग्णालयांत नेलें. कोणी म्हणे भिक्षेकरीगृहांत. कोणी म्हणे शहराच्या हद्दीबाहेर सोडून दिलें. आम्ही म्हटलें, बरें झालें, कांहीं उपचार तरी होतील, आणि हजेरीपट घेऊन वर्गावर गेलों.

व्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा निघाली कीं आमच्या पिढीच्या इंग्रजी शिकलेल्या माणसास मिल्ल आठवतो. त्याचा 'ऑन लिबर्टी' हा ग्रंथ 1859 सालचा. आगरकरांच्या पिढीनें तो पचविला व आम्हांस वारशानें दिला. त्यांत एका मोडक्या पुलाचा दाखला आहे. पूल मोडका आहे हें ठाऊक नसलेला वाटसरू त्यावर पाऊल टाकूं लागला आणि सांगण्यास अवधि नसला, तर त्यास धरून मागें ओढल्यानें त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाहीं. कारण नदींत पडण्याची त्याची इच्छाच नाहीं. येथपर्यंत सर्व सरळ आहे. परंतु मिल्लनें जातां जातां आणखी एक गोष्ट सांगून ठेविली आहे: लहान मूल, किंवा भ्रमांत असलेला, ज्याची विचारशक्ति जागेवर नाहीं असा मनुष्य, यांस हा नियम लावूं नये. आम्ही विद्यार्थ्यांना हें वाक्य झरझर वाचून दाखवीत असूं. वास्तविक तो एक मोठा दरवाजाच आहे. कोणाची विचारशक्ति जागेवर आहे हें ठरविणारा मनुष्य त्या दरवाजापाशीं उभा असतो, आणि त्याच्या हातीं किल्ली असते. आपल्या देशांत 1912 चा वेड्यांविषयींचा कायदा पाऊणशें वर्षें चालला. त्यांत वेड्यास काय हवें यापेक्षां वेड्यापासून समाजास काय भय आहे याचीच चिंता अधिक होती. भिंती उंच झाल्या, त्या यामुळेंच.

भिंती नसल्या तरी साखळ्या असतात. तामिळनाडूंत रामनाथपुरम् जिल्ह्यांत एरवाडी येथें एक प्रसिद्ध दर्गा आहे. मनाचा आजार तेथें बरा होतो अशा श्रद्धेनें दूरदूरचे लोक आपलीं माणसें तेथें आणीत व आसपासच्या झोपडीवजा आश्रमांतून ठेवून जात. 6 ऑगस्ट 2001 रोजीं पहाटे अशा एका आश्रमास आग लागली. साखळदंडांनीं बांधलेले रुग्ण पळूं शकले नाहींत. 28 जणांचे प्राण गेले. त्या रुग्णांचे आप्त सारेच निर्दय होते असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांतील कित्येकांनीं तेथवर येण्यास कर्जहि काढलें असेल. आणून ठेवलें म्हणजे आपलें काम झालें, असें मात्र त्यांस वाटलें. हेंच वाटणें आमच्याहि मनांत पाराजवळून जातांना होतें, हें कबूल केलें पाहिजे.

या प्रश्नाची अत्यंत गाजलेली चौकशी न्यूयॉर्क शहरांत झाली. 1987 सालीं मॅनहटनमधील सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर एका उपाहारगृहाच्या गरम हवेच्या झरोक्यापाशीं जॉइस ब्राउन नांवाची चाळीस वर्षांची स्त्री राहत असे. पूर्वी तिनें कचेरींत सेक्रेटरीचें काम केलेलें होतें. ती येणाऱ्याजाणाऱ्यांस शिव्या देई, उघड्यावर विधि करी, आणि लोकांनीं दिलेल्या नोटा कधीं फाडून टाकी, कधीं जाळी. एड कॉच हे त्या वेळीं नगराध्यक्ष होते. गंभीर मनोविकार असलेल्या बेघरांस त्यांची इच्छा नसतांहि रुग्णालयांत न्यावें असें धोरण त्यांनीं काढलें व त्याखालीं प्रथम हीच स्त्री उचलली गेली. बेलव्ह्यू रुग्णालयांत तिला नेलें. तेथून तिनें नागरी स्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्या वकिलांस गांठलें, आणि खटला उभा राहिला.

दोन्ही बाजूंनीं मानसोपचारतज्ज्ञ साक्षीस आले. एका बाजूस नोटा जाळणें हें आजाराचें लक्षण दिसलें. दुसऱ्या बाजूस तेंच न मागितलेली भीक झिडकारण्याची स्वाभिमानी रीत दिसली. (आमच्या कांबळ्याची गोष्ट वाचकांस येथें आठवेल.) तिच्या सख्ख्या बहिणींनीं मात्र तिला रुग्णालयांतच ठेवावें असें म्हटलें. नोव्हेंबरांत न्यायाधीशांनीं तिला सोडण्याचा हुकूम दिला. डिसेंबरांत वरच्या न्यायालयानें तीन विरुद्ध दोन मतांनीं तो फिरविला. मग जानेवारी 1988 मध्यें तिच्या इच्छेविरुद्ध औषध देतां येणार नाहीं असा निर्णय झाला, आणि औषधच द्यावयाचें नाहीं तर ठेवून काय करावयाचें, म्हणून रुग्णालयानें तिला सोडलें. फेब्रुवारींत तिनें हार्वर्डच्या कायदेशाळेंत भाषण केलें. त्यानंतर फार दिवस लोटले नाहींत, तों ती पुन्हां रस्त्यावर भीक मागतांना लोकांस दिसली.

या कथेचा शेवट दोन्ही पक्ष आपापल्या बाजूनें सांगतात. एक म्हणतो, पाहा, उपचार न केल्याचें फळ. दुसरा म्हणतो, पाहा, तिला बरळणारी वेडी ठरविलें आणि तिनें विद्वानांपुढें भाषण करून दाखविलें. आम्हांस यांत तिसरीच गोष्ट दिसते. इतके वकील, इतके वैद्य, तीन न्यायालयें, आणि साऱ्यांचा वाद एवढाच कीं तिला आंत ठेवावें कीं बाहेर सोडावें. बाहेर म्हणजे कोठें, हा प्रश्न खटल्याचा विषयच नव्हता. पुलावरून मागें ओढलेला मिल्लचा वाटसरू आपल्या वाटेनें घरीं जातो. म्हणून ओढणाऱ्याचें काम क्षणांत संपतें. रस्त्यावरच्या मनुष्यास मागें ओढलें तर त्याच्या मागें घर नाहीं. मागेंहि पूलच आहे. त्याला धरणाऱ्यानें हात सोडला कीं तो होता तेथेंच पडणार. म्हणून आमचें मत असें झालें आहे कीं, अशा मनुष्यावर केलेली सक्ति हें एक ऋण आहे. त्याचें 'नको' आपण बाजूस सारलें त्या घटकेस तें आपल्या अंगावर चढलें. पुढें त्याला निवारा, औषध व माणूस मिळेपर्यंत तें फिटत नाहीं. आणि तें फेडण्याची तयारी नसतांना त्याला उचलणें यास उपचार हें नांव देतां येणार नाहीं. तें रस्ता झाडणें होय.

आपल्या देशाचा आजचा कायदा या बाबतींत पुष्कळ पुढें गेला आहे, हें आनंदानें नमूद केलें पाहिजे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 च्या मे महिन्यापासून अंमलांत आला. मनाचा आजार असलेला व स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असा मनुष्य भटकतांना आढळला तर त्यास संरक्षणाखालीं घेणें हें ठाणेदाराचें कर्तव्य आहे. चोवीस तासांचे आंत त्यास सरकारी रुग्णालयांत पोंचवावें, कोणत्याहि परिस्थितींत कोठडींत वा तुरुंगांत ठेवूं नये, आणि तो बेघर असेल तर हरवलेली व्यक्ति म्हणून नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यावा, असें त्याच्या शंभराव्या कलमांत आहे. साखळीनें बांधण्यास मनाई आहे. निराधारास उपचार विनामूल्य आहेत. आणि एकोणिसाव्या कलमांत एक वाक्य असें आहे कीं तें कायद्याच्या पुस्तकांत वाचून आम्ही क्षणभर थांबलों: केवळ घर नाहीं म्हणून, किंवा घरचे घेत नाहींत म्हणून, कोणासहि रुग्णालयांत राहावें लागूं नये. म्हणजे 'बाहेर म्हणजे कोठें' हा न्यूयॉर्कला राहून गेलेला प्रश्न आमच्या कायद्यानें विचारला आहे. उत्तर देणें अर्थात् कायद्याच्या हातीं नसतें. बऱ्या झालेल्या रुग्णांस आमच्याच महाराष्ट्रांत भिक्षेकरीगृहांसारख्या ठिकाणीं हलविण्यांत येत असल्याचें पाहून ती पद्धति ताबडतोब बंद करावी असें सर्वोच्च न्यायालयास जुलै 2021 मध्यें सांगावें लागलें. ठाणें, पुणें, नागपूर व रत्नागिरी येथील जुन्या मनोरुग्णालयांच्या फाटकाबाहेरचा रस्ता ज्यानें पाहिला आहे त्यास हें नवल वाटणार नाहीं. आंत येण्याचे मार्ग पुष्कळ. बाहेर पडण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे न्यावयास आलेला कोणी आप्त.

या ऋणाची फेड कशी करतां येते हें ज्यांनीं दाखविलें त्यांत मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. 1988 सालची गोष्ट. हें दांपत्य एका उपाहारगृहांत बसलें असतां समोर एक मळकट, हडकुळा तरुण नारळाच्या करवंटीनें गटाराचें पाणी पितांना त्यांस दिसला. त्याला त्यांनीं आपल्या लहानशा दवाखान्यांत नेऊन उपचार केले. बरा झाल्यावर तो विज्ञानाचा पदवीधर निघाला. आंध्रांत त्याचें घर होतें, बाप जिल्हा परिषदेंत अधिकारी होता, आणि तो मुलाला शोधीत होता. येथून 'श्रद्धा' या संस्थेचा जन्म झाला. 2006 पासून कर्जतला तिचें मोठें केंद्र आहे. 2018 सालीं डॉ. वाटवानींना मॅगसेसे पारितोषिक मिळालें तोंपर्यंत सात हजारांहून अधिक रुग्ण आपापल्या घरीं पोंचले होते.

आम्हांस या कार्यांत औषधाहून अधिक महत्त्वाचा वाटतो तो आगगाडीचा प्रवास. औषधानें दोनतीन महिन्यांत मनुष्य आपलें गांव सांगूं लागतो. मग संस्थेचा कार्यकर्ता त्याच्या शेजारीं बसून बिहार, बंगाल, आसाम अशा दूरच्या प्रांतांतील गांवीं त्यास घेऊन जातो, घरच्यांस आजार समजावून सांगतो, गोळ्या कशा द्यावयाच्या तें सांगतो. बऱ्याच ठिकाणीं गेलेल्या माणसाचें दिवसकार्यहि होऊन गेलेलें असतें. अशा दारांत उभें राहणें सोपें नसावें.

परंतु सर्वांचीं दारें उघडत नाहींत. आणि कांहींच्या, विशेषतः स्त्रियांच्या बाबतींत, घर हेंच दुखण्याचें मूळ असतें. चेन्नईंत 1993 सालीं वंदना गोपीकुमार व वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनीं रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठीं 'द बॅनियन' ही संस्था काढली. वर्षानुवर्षें संस्थेंत राहिलेल्या, परत जावयास घर नसलेल्या स्त्रियांसाठीं तिनें एक साधी युक्ति योजिली: चारपांच जणींनीं मिळून सामान्य वस्तींत भाड्याच्या घरांत राहावयाचें, सोबतीस एक मदतनीस. भाजी आणावयाची, शेजारणीशीं भांडावयाचें, सणाला रांगोळी काढावयाची. हाहि उपचारच, पण तो कोणत्याहि रुग्णालयाच्या भिंतींत देतां येत नाहीं.

राहतां राहिली दारूची व गर्दाची गोष्ट. येथें आमच्या मध्यमवर्गाची मति एकाएकीं कठोर होते. वेड्याबद्दल आपण चुकचुकतों. बेवड्याबद्दल म्हणतों, स्वतःच्या करणीनें गेला. आमच्या शिक्षकांच्या खोलींत साहेबाविषयीं बोलणें निघे तेव्हां एक सहाध्यापक हटकून म्हणत, "अहो, त्याला पाव कशाला देतां? तो संध्याकाळीं काय करतो तें पाहा." वास्तविक पदपथावर वेड व व्यसन यांची हद्द आंखणें बहुधा अशक्य असतें. ज्याला रात्रभर आवाज ऐकूं येतात तो त्यांस गप्प करावयास पितो. जो थंडींत उघड्यावर निजतो तो थंडी मारावयास पितो. आणि पिऊन पिऊन ज्याचें डोकें फिरलें त्याचा प्रारंभ कोठें झाला हें तो स्वतःहि सांगूं शकत नाहीं. तरी मनोरुग्णालय म्हणतें, आधीं याची दारू सुटूं द्या. व्यसनमुक्तीचें केंद्र म्हणतें, आधीं याचें डोकें ठिकाणावर आणा. दोघांच्या दारांमध्यें जी जागा उरते तिचेंच नांव रस्ता.

पुण्यास 1986 सालीं डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनीं 'मुक्तांगण' काढलें. पु. ल. देशपांड्यांच्या देणगीचा त्यास आधार होता. व्यसन हा गुन्हा नसून आजार आहे, हें महाराष्ट्रांतील घराघरांस या संस्थेनें शिकविलें. तेथें पस्तीस दिवस राहिल्यावर मनुष्य बाहेर येतो, आणि खरी परीक्षा मग सुरू होते. म्हणूनच रुग्णाच्या पत्नीसहि या कार्यांत सामील करून घेण्यांत आलें. आतां ज्याला पत्नी नाहीं, घर नाहीं, ज्याला छत्तिसाव्या दिवशीं त्याच फलाटावर परत जावयाचें आहे, त्याचें काय?

येथें पुन्हां न्यूयॉर्कचाच एक प्रयोग सांगितला पाहिजे. 1992 सालीं सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञानें क्रम उलटा केला. आधीं दारू सोडा, औषध घ्या, मग खोली मिळेल, ही सर्वत्र चाललेली रीत. त्यानें आधीं खोली दिली, कुलूपकिल्ली हातांत दिली, व म्हटलें, आतां बोलूं. कॅनडानें 2009 ते 2013 या काळांत पांच शहरांतून दोन हजारांवर बेघर मनोरुग्ण घेऊन याची मोठी पारख केली. ज्यांस आधीं घर मिळालें ते त्या घरांत फार मोठ्या प्रमाणांत टिकून राहिले. हें सांगतांना दुसरी बाजू झांकणें बरें नव्हे: व्यसन व मनोविकार यांत त्यांची सुधारणा इतरांपेक्षां विशेष अधिक झाली नाहीं. तेव्हां घर हें औषध नव्हे. पण तें औषध आहे असें म्हणावयाचें तरी कशाला? आमच्यापैकीं एखाद्या प्राध्यापकाचा मुलगा पिऊं लागला, म्हणजे आपण त्याला 'आधीं सुधार, मग घरांत ये' असें म्हणून पाराखालीं बसवीत नाहीं. म्हटलेंच, तरी त्याची आई मागच्या दारानें त्याला आंत घेते. आपल्या मुलास जें आपण अटीवांचून देतों तें दुसऱ्याच्या मुलास बक्षीस म्हणून दाखवितों, आणि त्यानें तें मिळविलें नाहीं कीं त्यालाच दोष देतों.

यावर कोणी विचारील, मग तुमच्या मतें बळानें उचलावें कीं नाहीं? आमचें उत्तर असें: जिवाला धोका असेल, जखमेंत किडे पडले असतील, मनुष्य अन्नपाणी ओळखेनासा झाला असेल, तर उचलावें, तेथें स्वातंत्र्याचें नांव घेऊन बाजूनें निघून जाणें हा आमच्यासारख्यांचा आळस आहे. इतर वेळीं त्याच्यापाशीं बसावें. दहा दिवस बसावें, वीस दिवस बसावें. ज्यांनीं हें काम केलें ते सांगतात कीं पुष्कळांचा पहिला नकार हा शेवटचा नसतो; तो विचारणाऱ्यास असतो, विचारलेल्या गोष्टीस नव्हे. आमच्या कांबळ्यास 'नको' मिळालें तें एकदां. दुसऱ्यांदा आम्हीं विचारलेंच नाहीं.

मराठी गद्य जेव्हां प्रथम लिहिलें जाऊं लागलें त्या तेराव्या शतकांत ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंच्या लीळा लिहिल्या गेल्या. महानुभावांच्या दृष्टीनें ते ईश्वरावतार. परक्यास ते वेडे वाटत. कोणाच्याहि घरांत शिरावें, वाटेल तें खावें, मनास येईल तसें भटकावें. त्या काळास आम्ही सुवर्णयुग म्हणत नाहीं; तेव्हांहि साधूपण न लाभलेल्या वेड्यांस दगड बसत असतील. परंतु तें चरित्र वाचतांना एक गोष्ट जाणवते: साऱ्या गांवास ते कोण हें ठाऊक होतें, आणि ते कोणाच्या दारीं जेवले हेंहि ठाऊक असे.

कायद्याचें शंभरावें कलम आम्हीं वाचलें तें साहेब गेल्यानंतर वर्षानें, एका निबंधस्पर्धेचे निबंध तपासतांना. तें वाचून आम्ही जवळच्या पोलीस चौकीवर गेलों. तेथील हवालदार मोठा सौजन्यशील होता. त्यानें बसावयास खुर्ची दिली, त्या तारखेची नोंदवही काढून पाहिली. नोंद नव्हती. आपण आतां करूं, असें म्हणून त्यानें कागद घेतला.

"नांव काय त्यांचं, सर?"

आम्हीं सांगितलें, मुलें त्यास साहेब म्हणत.

"तें झालं. खरं नांव? गांव? वय अंदाजे तरी? तुमचे कोण लागत होते?"

तीन सदरे, इंग्रजी वर्तमानपत्रें, एवढें आम्हांस सांगतां आलें. कोण लागत होते, या प्रश्नास आम्ही उत्तर दिलें नाहीं. हवालदारानें कागद रिकामाच ठेवला व म्हटलें, "नांव कळलं तर या. नांवाशिवाय पुढं शोधायचं कसं?"

परततांना आम्ही फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर थांबलों. सहज म्हणून टपरीवाल्यास विचारलें, तर तो म्हणाला, "नांव ना? आहे कीं. पहिल्या महिन्यांतच विचारलं होतं मी." आणि त्यानें नांव सांगितलें, गांव सांगितलें, भावाचा धंदाहि सांगितला. चहा तसाच ठेवून आम्ही पुन्हां चौकीकडे निघालों.